आधी खोली बघायची

पाणी कॉम्प्युटर थंड करतं, असं सांगणारा दुकानदार भेटला तर त्याच्यासमोरून उठून यायचं. पाणी काही थंड करत नाही. पाणी हमाल आहे. इथली उष्णता उचलायची, तिथं नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. आणि टाकायची कुठं, तर खोलीच्या हवेत. म्हणजे खोली तापलेली असली की पाणी पण तापलेलंच राहणार. आमच्या संभाजीनगरात वैशाखात पत्र्याखाली बसून कुणी म्हणत असंल की माझं मशीन बर्फासारखं ठेवा, तर त्याला मी सरळ सांगतो, बाबा, आधी तू गार हो.

हे मी मोठ्या तोंडानं लिहितोय, पण ही अक्कल माझी नाही. ती माझ्या बायकोची, कौसल्याची. मी रेडिएटरवाला माणूस. शाळा चौथीपर्यंत, ती पण पळून पळून. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, काका, धंद्यातले अनुभव लिहा, शुद्धलेखनाचं आम्ही बघू. म्हणून बसलो. अनुभव दोघांचे आहेत, लिहायला एकटा उरलोय. हे एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं सारखं सांगत बसणार नाही. सांगितलंच तर समजून घ्या.

मोंढा नाक्याजवळ आमचं रेडिएटरचं दुकान. ट्रक, ट्रॅक्टर, जीप. रेडिएटर म्हणजे तांब्याच्या चपट्या नळ्यांची जाळी, वर-खाली पितळेच्या टाक्या. इंजिनचं तापलेलं पाणी जाळीतून फिरतं, पंख्याची हवा लागते, पाणी निवतं, परत इंजिनकडं जातं. जाळी कुठं गळाली तर हवा भरून हौदात बुडवायची, बुडबुडा निघतो तिथं कथलाचा डाग द्यायचा. जन्मभर हेच केलं. टाक्या ठोकून ठोकून कान गेले. माणसाचं बोलणं ऐकू येतं, बारीक आवाज येत नाही. डास कानाशी गुणगुणला तरी चावल्यावरच कळतो.

मग अॅल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या टाकीचे रेडिएटर आले. गळलं की फेका, नवं बसवा. डाग देणाऱ्याला कोण विचारतो? दुकान उघडायचं, झाडायचं आणि शेजाऱ्याबरोबर चहा प्यायचा, असे दिवस आले. त्या दिवसांत कॉलेजातला एक पोरगा पाटीएवढा रेडिएटर घेऊन आला. काळा, नाजूक, कोपऱ्यातून गळत होता.

मी विचारलं, हे कोणत्या गाडीचं? तो म्हणाला, काका, कॉम्प्युटरचं. मी म्हटलं, माझी चेष्टा करायला मोंढ्यापर्यंत आलास का? कौसल्या डबा घेऊन आली होती. ती हसली नाही. तिनं त्या पोराला बसवलं, अर्धी भाकरी खायला घातली आणि विचारत गेली. कॉम्प्युटर तापतो कशानं? पाणी त्याच्या आत जातं का बाहेरून फिरतं? गळलं तर काय होतं? पोरगा डाग लावून घ्यायला आला होता, शिकवणी घेऊन गेला.

ती सातवी पास. मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ लावायची आणि मेथी निवडायची. मेथी संपायची, व्हिडिओ संपायचा नाही. हळूहळू शहरातली कॉम्प्युटरच्या खेळांची वेडी पोरं आमच्या दुकानात यायला लागली. येऊन माझ्याकडं बघायची पण नाहीत. काकू कुठं आहेत म्हणायची. नळ्या वाकवणं, सांधे घट्ट करणं, गळती तपासणं माझ्याकडं. कोणता पार्ट घ्यायचा, कोणता नाही, हे तिच्याकडं. या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, आणि आमचं पोट एका बाटलीभर पाण्याच्या गोल फिरण्यावर चालायला लागलं.

बाहेरच्या माणसाला सांगतो, असं मशीन म्हणजे काय. कॉम्प्युटरमध्ये दोन ठिकाणं फार तापतात. एक प्रोसेसर, तो हिशेब करतो. दुसरं ग्राफिक्स कार्ड, ते चित्रं काढतं. भारी खेळ खेळायचा म्हणजे या दोघांच्या अंगातून शेगडीसारखी धग निघते. प्रत्येकावर तांब्याचा एक ठोकळा बसवायचा, त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकच्या पोटात केसासारख्या बारीक चरी, त्यातून पाणी जातं. पंप पाणी ढकलतो, रेडिएटरमध्ये ते निवतं, परत फिरतं. ट्रकचंच काम, फक्त ट्रक टेबलावर ठेवलेला.

लोकं निवड करतात ती ग्राफिक्स कार्डापासून. सगळ्यात महाग कोणतं, ते द्या. काही तर हे सगळं ज्यात बसवायचं त्या काचेच्या पेटीवरच भाळतात. कौसल्याची निवड खोलीपासून सुरू व्हायची. गिऱ्हाइकाचं घर बघितल्याशिवाय ती एक स्क्रू सुचवायची नाही. मी म्हणायचो, पोरगी द्यायचीय का तुला त्या घरात? ती म्हणायची, व्हय, द्यायचीच आहे. मग दोघं जायचो, स्थळ बघायला जावं तसं. चहा यायचा, पोहे यायचे. ती बघायची खिडकी कोणत्या दिशेला आहे, वर पत्रा आहे का स्लॅब, रस्त्याची धूळ किती येते, लाईट किती वेळा जाते, त्या खोलीत झोपतं कोण. हे झालं की वीज. पॉवर सप्लाय चांगल्यातला घ्या, बाकी मागं-पुढं करू, म्हणायची. चूल फुटकी असली तर भांडी चांदीची घेऊन काय करता? मग तो पोरगा खेळतो काय, किती वेळ. त्यावरून कार्ड, कार्डावरून रेडिएटर आणि पंखे. पेटी सगळ्यात शेवटी.

देवगाव रंगारीचे एक अद्रकवाले पाटील होते. अद्रकीला त्या साली भाव लागला होता. त्यांच्या पोरानं सगळे पार्ट आधीच मागवून ठेवलेले, आम्हाला नुसतं जोडायला बोलावलं. गेलो. पार्ट सतरंजीवर मांडले होते, रुखवत मांडतात तसे. कौसल्यानं एक-एक हातात घेतला, आणि रेडिएटर उचलून लांब ठेवला. ब्लॉक तांब्याचे, रेडिएटर अॅल्युमिनियमचा. ती म्हणाली, हे एका पाण्यात नांदायचे नाहीत.

पाटील म्हणाले, "का? जात आडवी येती का?"

"माणसातली जात माणसानं काढलेली हाय, पाटील. धातूची काढलेली नाय, ती असतीच."

पाटील खो खो हसले. पण खरंच आहे ते. एकाच पाण्यात दोन्ही धातू राहिले की तांबं सुखात राहतं आणि अॅल्युमिनियम झिजत जातं. काही महिन्यांत रेडिएटरमधून पिठलं निघतं. मी हे रेडिएटरच्या धंद्यात बघितलेलं होतं, पण माझ्या तोंडून निघालं असतं तर भांडण झालं असतं. मला समजावून सांगता येत नाही, मी नुसतं चूक म्हणतो.

पुढची पंचाईत खोलीची. पोराची खोली वर, पत्र्याची. कौसल्यानं सगळं घर फिरून पाहिलं आणि पाटलांना सांगितलं, सगळ्यात गार खोली तुमची आहे.

पाटील म्हणाले, "म्हंजे म्या पत्र्याखाली झोपू व्हय?"

"तुम्हाला एक पंखा पुरतो. याला नऊ लागतात."

शेवटी पाटलांनी अर्धी खोली दिली. नंतर कळलं, पोरगा खेळतो आणि पाटील खाटेवर बसून बघतात, मधेच सांगतात की मागून येतोय बघ. त्यांच्या मंडळींनी मशीन चालू करायच्या आधी पूजेचं ताट आणलं. आम्ही हात जोडून उभे. माउलीनं नारळ फोडला आणि पाणी सरळ पेटीच्या डोक्यावर. डोक्यावर जाळी असते, जाळीखाली कार्ड. कौसल्यानं झटकन पदर धरला म्हणून वाचलं. तेव्हापासून तिनं एक रीत काढली. प्रत्येक मशीनच्या पुढच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात मी पितळेची छोटी चकती लावायची. हळदी-कुंकू काय ते तिथं. नारळ उंबऱ्यावर. वर काही घालायचं नाही. दसऱ्याला गिऱ्हाइकांचे फोटो यायचे, मशीनला झेंडूच्या माळा. ती फोटो मोठा करून बघायची आणि फोन करायची, माळ जरा वर घ्या, पंख्याचं नाक दाबलंय.

अशी आमची मजेत वर्षं गेली. मग तिच्या किडन्या गेल्या.

डायलिसिस म्हणजे अंगातलं रक्त नळीनं बाहेर काढायचं, मशीनमध्ये गाळायचं आणि दुसऱ्या नळीनं परत अंगात सोडायचं. पहिल्या दिवशी मी हबकून उभा. ती पडल्या-पडल्या नळ्या बघत होती. म्हणाली, "अहो, माझं पण वॉटर कूलिंगच झालं की." नर्सबाई हसल्या. मला हसू आलं नाही. पण नजर धंद्याची, ती जाते कुठं? पंप बघितला. रक्ताला हात न लावता नळी बाहेरूनच दाबत फिरतो. बुडबुडा अंगात जाऊ नये म्हणून मधे एक कुपी, बुडबुडा तिथंच अडकतो. ज्यानं हे बनवलं त्याचे पाय धरावेत असं काम.

अशा पेशंटला पाणी मोजून. किडनी पाणी बाहेर काढत नाही, मग प्यालेलं सगळं अंगात साठतं. तहान मात्र तेवढीच. ती लवंग तोंडात धरून बसायची. मी तिच्यासमोर पाणी पिणं सोडून दिलं. तिला ते कळलं आणि रागावली. म्हणाली, दोघांनी वाळून कसं चालंल, एकानं तरी ओलं राहा.

तिच्या हातात शीर जोडून दिलेली होती, तिथं सुया टोचायच्या. त्या जोडावर बोट ठेवलं की आतून घरघर लागते. घरघर आहे म्हणजे रक्त नीट वाहतंय. रोज सकाळी तपासायचं. कान लावूनही ऐकू येतं म्हणतात, मला कुठलं ऐकू यायला? मी बोट ठेवायचो. लागली की म्हणायचो, चालू आहे. ती म्हणायची, बरं, मग चहा ठेवा.

अशात पडेगावची दीक्षा साळवे आली. बिडकीनकडं कारखान्यात शिफ्टला जाणारी पोरगी, पंचविशीतली. घरून लांबच्या पोरापोरींबरोबर टीम करून खेळायची, स्पर्धा असायच्या. घर दोन खोल्यांचं, त्यातली एक स्वयंपाकाची. वडील रात्रपाळीचे वॉचमन. ते दिवसा झोपणार, आणि हिला सरावाला वेळ मिळायचा तो पण दिवसाच. जुना कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा. वडील जागे व्हायचे, बोलायचे नाहीत, नुसते उठून बसायचे. तिला लाज वाटायची आणि ती बंद करायची. सराव नाही म्हणून टीमवाले दुसरी बघायच्या बेतात. पगारातून तिनं साठवलं होतं. तिला भारी मशीन पाहिजे होतं, पण आवाज नको. पाण्यावरच्या मशीनची खरी गरज अशांना असते. मोठा रेडिएटर असला की पंखे हळू फिरले तरी चालतं.

मी तिला सांगितलं, पोरी, नवं काम घेत नाही, काकू आजारी आहे. ती निघून गेली. संध्याकाळी कौसल्यानं मला विचारलं, कुणाला परत पाठवलं? दीक्षा दुकानातून निघून सरळ आमच्या घरी गेली होती. कौसल्या म्हणाली, रविवारी पडेगावला जायचं. मी नाही म्हटलं. रविवारी गेलो.

साळवे झोपलेले होते, आम्ही आलो म्हणून उठले, जय भीम केला, सदरा घालायला लागले. कौसल्या म्हणाली, "तुम्ही झोपा, भाऊ. तुमची झोप बघायलाच आलेय मी." ते बिचारे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, झोपा, ही ऐकायची नाही. मग ते भिंतीकडं तोंड करून झोपले. थकलेला माणूस, लगेच लागली त्यांना.

दीक्षाच्या आईनं पाणी आणलं. कौसल्यानं पेला घेतला, एक घोट प्यायली. दिवसाचं तिचं मोजमाप होतं. उरलेला पेला ती हातात धरून बसली. निघेपर्यंत खाली ठेवला नाही.

मग तिनं दीक्षाला जुना कॉम्प्युटर लावायला सांगितला. पंखे सुरू झाले. साळवे हलले नाहीत. खेळ सुरू झाला, पंखे चढले, तरी हलले नाहीत. आणि मग एकदम कूस बदलली, कपाळाला आठी आली. कौसल्यानं बंद करायला लावला. परत लावला. परत त्याच वेळेला आठी. मला काही कळलं नाही, मला ऐकूच येत नव्हतं. तिनं सांगितलं, घरघर त्यांना चालते, पंख्याखाली झोपायची सवय आहे. त्यांना उठवते ती शिट्टी. ग्राफिक्स कार्डावर भार आला की काही कार्डांतून बारीक शिट्टी निघते, तारेची गुंडाळी थरथरते म्हणून. पाण्याचा ब्लॉक लावला तरी ती जात नाही. पंखा हळू करता येतो, शिट्टीला इलाज नाही. म्हणजे शिट्टी न मारणारं कार्ड निवडणं, हाच इलाज.

दीक्षाला निळं पाणी पाहिजे होतं. रंगीत पाण्याला कौसल्याचा कायम विरोध, रंग ब्लॉकच्या चरीत बसतो. दीक्षा म्हणाली, काकू, निळा तर पाहिजेच. कौसल्या म्हणाली, पाणी निर्मळ ठेव, नळी निळी घे. मिटलं.

पार्ट निवडले ते डायलिसिसच्या खाटेवर. तिचा एक हात सुयांत अडकलेला. मी मोबाइल तिच्या डोळ्यांसमोर धरायचा. मला इंग्रजी येत नाही, मी नुसता चौकटीसारखा उभा. खाली घ्या. थांबा. वर. या माणसानं काय लिहिलंय ते बघू द्या. कार्ड वापरलेल्या लोकांनी लिहिलेलं ती एक-एक अक्षर जुळवून वाचायची. शिट्टी मारतं का, एवढंच शोधायची. रेडिएटरवरून आमचं वाजलं. मी म्हटलं जाड घे, दणकट असतो. ती म्हणाली, जाड जाळीतून हवा ढकलायला पंख्याला जोर लागतो, पातळ आणि लांब घ्या. माझा जन्म रेडिएटरमध्ये गेला आणि ही मला रेडिएटर शिकवती, असं मी मोठ्यानं म्हणालो. शेजारच्या खाटेवरचे मास्तर म्हणाले, घ्या हो पातळ, आमची पण झोप मोडतीय. पातळ घेतला.

शेवटी कार्ड ठरलं. बरेच जण लिहीत होते, शिट्टी नाही. कार्ड आलं पण. त्याचा ब्लॉक मात्र देशात कुठंच मिळंना. ब्लॉक हा कार्डाच्या मापानं कोरलेला असतो, वर जिथं जो उंचवटा असंल तिथं तसा खड्डा. एकाचा दुसऱ्याला बसत नाही. परदेशातून मागवला. कधी येईल ते सांगता येत नाही म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. तिचं हृदय थकलंय म्हणाले. फार आशा धरू नका म्हणाले.

आमच्या दुकानातून एकही मशीन तिनं ऐकल्याशिवाय गेलं नव्हतं. पाणी भरायचं, पेटी पुढं-मागं कलंडून हवा काढायची, मग ती पेटीला कान लावायची. मला वाटायला लागलं, हे एक मशीन तिच्या कानाखालून जावं. बाकी माझ्या हातात काही नव्हतं. हे होतं. पुण्यात दुसरं एक कार्ड मिळत होतं, ब्लॉकसकट तयार. ताकद तेवढीच. चार दिवसांत मशीन उभं राहिलं असतं. मी जाऊन ते घेऊन आलो आणि खोकं तिच्यापुढं ठेवलं. सांगितलं, ते आपलं परदेशातलं काही येत नाही आता.

तिनं खोक्यावरचं नाव वाचलं. हे शिट्टी मारतं, म्हणाली. मग विचारलं, "कुणाच्या घाईनं आणलं हे?"

"दीक्षाच्या. पोरगी खोळंबलीय."

"दीक्षाशी मी कालच बोलले. थांबते म्हणली."

तिनं खोकं माझ्याकडं सरकवलं.

"माझ्यासाठी त्या माणसाची झोप मोडू नका."

मी चिडलो. तिला म्हटलं, एवढीशी शिट्टी मला तर ऐकूच येत नाही, लोकांना काय येणार. ती म्हणाली, तुम्हाला येत नाही म्हणूनच मी आहे ना. आहे म्हणाली ती. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला जाऊन कार्ड परत करून आलो. येताना घाटात गाडी थांबली, सगळे खाली उतरून चहा प्यायले. मी बसून राहिलो. एवढ्या लांब जाऊन मी रिकाम्या हातानं परत चाललो होतो, आणि तिच्या दृष्टीनं तेच बरोबर होतं.

ती गेली. ब्लॉक आला नव्हता. शेवटच्या डायलिसिसला पण तिनं विचारलं होतं, आला का? मी म्हटलं, येतोय.

दहावा, तेरावा झाल्यावर आला. छोटं खोकं. मी ते पुष्कळ दिवस उघडलंच नाही. दीक्षा येऊन बसायची, पार्टचं नाव काढायची नाही. एकदा मीच म्हटलं, घे ती कात्री.

जोडायला बसलो तेव्हा मला कळलं, की या मशीनमध्ये माझं काही नाही. पातळ रेडिएटर तिचा, मोठे हळू पंखे तिचे, निळ्या नळ्या तिच्या. ब्लॉक कार्डावर ठेवला, तो असा बसला की कागद सरकायला जागा राहिली नाही. कुठं दाबावं लागलं नाही, कुठं घासावं लागलं नाही. मला इतकी वर्षं वाटायचं, कौशल्य सगळं हातात असतं, निवड काय कुणीपण करतं. निवड बरोबर असली की हाताला कामच राहत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. तिला सांगायला पाहिजे होतं. ती म्हणाली असती, आत्ता कळलं व्हय?

पाणी भरलं. कलंडलं, हवा काढली, परत भरलं. आता कान लावायची वेळ. मी उगाच लावला, काही आलं नाही. मग पंपावर बोट ठेवलं. भरलेला पंप बोटाला एकसारखा लागतो, हवा असली की मधेच अडखळतो. एकसारखी बारीक घरघर लागली. सकाळी-सकाळी लागायची तशी. मी बोट काढलं नाही बराच वेळ. दीक्षा म्हणाली, काका, काही बिघडलंय का? मी म्हटलं, नाही, चालू आहे.

पण शिट्टी बोटाला कळत नाही, आणि खेळाचा भार आल्याशिवाय ती निघत पण नाही. ती पडेगावलाच कळणार होती.

जेवणवेळेनंतर रिक्षातून मशीन नेलं. साळवे ड्युटीवरून येऊन झोपलेले. आवाज न करता टेबलावर ठेवलं. दीक्षानं बटण दाबलं, निळ्या नळ्या उजळल्या. तिनं खेळ लावला, सगळ्यात जड होता तो. मी पडद्याकडं बघितलंच नाही. खुर्ची फिरवून साळव्यांच्या कपाळाकडं बघत बसलो. दीक्षाची आई दारात उभी, ती पण तिकडंच बघत होती. मशीन तापलं. ज्या वेळेला आठी यायची ती वेळ आली, गेली. पलीकडं गेली. साळव्यांनी कूस बदलली आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. पण त्यांनी उशी पोटाशी घेतली आणि घोरायला लागले. ते मात्र मला ऐकू आलं.

दीक्षानं हळूच विचारलं, "काका, काकू असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

"म्हणली असती, मला काय विचारती, बापाला उठवून विचार."

ती तोंडावर हात ठेवून हसली. उठवलं कुणीच नाही. ती खेळत राहिली, तिच्या टीममधली पोरं तिच्या कानात काहीतरी ओरडत होती, ती कुजबुजून उत्तर देत होती. मी तसाच बसून. उन्हं कलली. मला घरी जायची घाई नसते आता.

साळवे आपल्या वेळेला उठले. डोळे चोळले, मला बघून गडबडले, जय भीम काका, कधी आलात, म्हणाले. मग त्यांचं टेबलाकडं लक्ष गेलं.

"आणली व्हय मशीन? मग लावा की आता. माझी झोप झालीय."

दीक्षा माझ्याकडं बघायला लागली. ते वाक्य कौसल्याच्या वाट्याचं होतं. मी ऐकून आलो.